काटेदादांनी नाकारलेली गाडी

काटेदादांचं खरं नाव वजनकाट्याच्या परवान्यावर होतं, आणि तो परवाना काचेच्या चौकटीत इतका उंच टांगला होता की मान मोडून वाचायच्या फंदात कोणी पडत नसे. शहरातून बाहेर जाणारे दोन मोठे रस्ते जिथं मिळतात, तिथं हा साठ टनी काटा. ट्रक येऊन लोखंडी पाटावर उभा राहायचा, केबिनच्या खिडकीतून दादांचा हात बाहेर यायचा, हातात वजनाची चिठ्ठी असायची आणि ट्रक निघून जायचा. एकतीस वर्षं हेच. माझं टायरचं दुकान काट्याला खेटून, म्हणून मला ते 'हवा' म्हणायचे. दुपारी धंदा मंदावला की केबिनमधून हाक यायची, "या हवा, चहा थंड होतोय."

माणूस बोलायला मऊ, पण वजनाच्या बाबतीत दगड. एकदा एका खाणवाल्याने दोन टन कमी दाखवा म्हणून बरीच गोड भाषा वापरली. दादांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काट्याला भीड नसते हो, आणि मी त्याच्याच पदरी आहे." खाणवाला पाय आपटत गेला आणि पुढच्या आठवड्यात निमूटपणे परत आला. कारण दादांच्या चिठ्ठीवर कोणी शंका घेत नसे.

त्यामुळे व्हायचं असं, की जड ट्रेलर ओढायला पिकअप घ्यायची असली की लोक शोरूममध्ये जायच्या आधी काट्यावर यायचे. जनरेटरवाले यायचे, होड्यावाले यायचे, रस्ता फोडायचे कॉम्प्रेसर ओढणारे यायचे. दादा सगळ्यांना एकच धडा द्यायचे. "ओढण्याचा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो. आवरण्याचा आकडा कुठंच नसतो. बैलही ओढतो. उतारावर मागचं ओझं अंगावर आलं की गाडी काय करते ते बघा." मग ते गाडीची पुढची चाकं पाटावर घ्यायला लावायचे, मग मागची, मग ट्रेलर जोडून पुन्हा पुढची. ट्रेलरचं ओझं हुकावर बसलं की गाडीचं बूड दबतं आणि नाक उचललं जातं. पुढची चाकं जितकी हलकी होतील, तितकं वळणावर स्टिअरिंग ऐकेनासं होतं. हे ते इतक्या शांतपणे समजावायचे की माणूस लग्नाला मुलगी बघून आल्यासारखा गंभीर होऊन परत जायचा.

त्यांना एकच मुलगी. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. शाळा सुटली की दप्तर घेऊन ती थेट केबिनमध्ये यायची आणि स्टुलावर बसून गृहपाठ करायची. पाढे तिने ट्रकच्या वजनांवर पाठ केले. दादा तिला छकुली म्हणायचे आणि पुढे ती बापापेक्षा चार बोटं उंच झाली, घोड्याचा मागचा पाय मांडीवर घेऊन खुर साफ करायला लागली, तरी छकुलीच राहिली. शहराच्या टोकाला घोड्यांचं हॉस्पिटल होतं, तिथं ती कामाला होती. ओठ मुडपून हसायची. आईही तशीच हसायची, असं दादा म्हणायचे, पण क्वचित.

एके दिवशी मी चहाला बसलेलो असताना ती आली. तिच्या जुन्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बाबा, मी घाटापलीकडे जायचं म्हणतेय."

"किती दिवस?"

"दिवस नाही. राहायलाच."

घाटापलीकडे, नऊ तासांवर, घोड्यांची पैदास करणारे मोठाले तबेले होते. तीनेकशे जनावरं आणि एक डॉक्टरीणबाई. मोठ्या ऑपरेशनसाठी घोडा घाटाच्या अलीकडे आणावा लागे आणि आणायला धड गाडी नव्हती. कितीतरी घोडे वाट बघतच मरत. डॉक्टरीणबाईंनी छकुलीला बोलावलं होतं. हॉस्पिटलने तीन घोड्यांचा जुना ट्रेलर तिला देऊन टाकला होता, आता तो ओढणारी पिकअप हवी होती.

"ती तुम्ही निवडा," छकुली म्हणाली. "तुम्ही हो म्हणाल तीच घेईन. तुमच्याशिवाय मला कोणाचं पटणार नाही."

दादांनी खिडकीतून हात बाहेर काढून एका वाळूच्या ट्रकला चिठ्ठी दिली. मग म्हणाले, "घोडे म्हणजे जिवंत वजन. पोत्याचं वजन एकदा बसलं की बसलं. जनावराचं वजन वाटेत विचार बदलतं. घाईने गाडी घ्यायची नाही."

"घाई नाहीच," ती म्हणाली.

ट्रेलर माझ्या दुकानामागे आणून ठेवला. मी त्याला चार नवे टायर चढवले. आणि मग शोध सुरू झाला तो जवळजवळ वर्षभर चालला. दर रविवारी बापलेक कुठंतरी गाडी बघायला जायचे. एकीचं इंजिन दमदार, पण गियरबॉक्सच्या तेलाला जळका वास. दुसरीचं सगळं उत्तम, पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर कमी. गाडी आखूड असली की लांब ट्रेलर तिला शेपटीने हलवतो. तिसरी पेट्रोलवर चालणारी, चढावर धापा टाकेल. चौथीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, गंजलेली. पहिल्या सहा महिन्यांतली प्रत्येक खोट खरी होती, हे मी शपथेवर सांगतो. पुढे पुढे मात्र त्या खोट्या नसल्या तरी बारीक व्हायला लागल्या. एका गाडीला त्यांनी आरसे लहान म्हणून नाही म्हटलं.

घरात दादांची थोरली बहीण होती, अक्का. भावजय गेल्यावर ती दोन दिवसांसाठी म्हणून आली ती राहिलीच. तिची जीभ म्हणजे कात्री. त्या आरशांच्या रविवारी तिने ताट वाढता वाढता विचारलं, "काय रे, पोरीसाठी गाडी शोधतोयस की गाडीसाठी पोरीला थांबवतोयस?"

"आरसे महत्त्वाचे असतात, अक्का."

"हो तर. एक तुझ्यासाठीही घे."

हे मला दादांनीच सांगितलं, हसत हसत. पण त्या हसण्यात दम नव्हता.

मग ती राखाडी गाडी आली. जुन्या गाड्यांचा एक विक्रेता होता, जाड चष्म्याचा. त्याने स्वतःच फोन करून बोलावलं. डिझेल, लांब चासी, एकाच मालकाने वापरलेली, हूक कारखान्यातूनच बसवलेला. दादा तिच्याखाली पाऊण तास आडवे पडले होते आणि उठले तेव्हा त्यांना एकही खोट सापडली नव्हती. "काट्यावर आण," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ट्रेलरमध्ये तीन घोड्यांच्या वजनाइतकी वाळूची पोती रचली. छकुली गाडी चालवत होती. काट्याचा बाहेरचा आकड्यांचा फलक कित्येक दिवस बंद होता, आकडा फक्त केबिनमध्ये दिसायचा. आणि मी केबिनमध्ये चहा पीत होतो.

रिकामी गाडी, पुढची चाकं: बाराशे वीस. ट्रेलर जोडून, पुढची चाकं: अकराशे वीस. म्हणजे पुढून जेमतेम शंभर किलो कमी झाले. दोन टनांच्या वरच्या गाडीला हे काहीच नाही. याहून चांगला आकडा मी त्या काट्यावर पाहिला नव्हता. मला वाटलं, आता दादा पेढे मागवतील.

छकुली उतरून खिडकीशी आली. "काय आलं?"

दादा आकड्याकडे बघत होते. मग म्हणाले, "अडीचशे गेले पुढून. नाक उचलतेय. घाटात ऐकणार नाही."

तिचा चेहरा उतरला, पण तिने चिठ्ठी मागितली नाही. बापाकडे वजनाची चिठ्ठी मागायची गरज तिला कधी पडलीच नव्हती. "असू दे," ती म्हणाली, "अजून बघू." आणि गाडी परत करायला गेली.

मी कप खाली ठेवला. दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही काही बोललो नाही. बोलायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या खिडकीतून खोटा आकडा बाहेर गेला होता.

तीन आठवड्यांनी जेवताना छकुलीने सांगितलं की घाटापलीकडे एक घोडी गेली. पोटात आतड्याला पीळ पडला होता. वेळेत ऑपरेशन झालं असतं तर वाचली असती. डॉक्टरीणबाई दिवसभर गाडी शोधत होत्या. छकुलीने हे कोणाला दोष न देता सांगितलं, आज बाजारात काय मिळालं नाही ते सांगावं तसं. पाणी प्यायली आणि उठून गेली. दादा ताटावर बसून राहिले. अक्काने विचारलं, "भात देऊ?" तर म्हणाले, "पोट भरलं." ताटाला त्यांनी हातही लावला नव्हता.

एवढं झालं तरी ते बोलले नाहीत. मला वाटायचं, आज सांगतील, उद्या सांगतील. ते रोज थोडे वाकत चालले होते, एवढंच मला दिसत होतं.

आणि मग छकुलीच एक गाडी घेऊन आली. लाल, चकचकीत, जवळजवळ नवी. आजचा दिवस वापरून बघा म्हणून विकणाऱ्याने दिलेली. "कागदावर तीन टन ओढते असं लिहिलंय, बाबा," ती म्हणाली. "आता हिला तरी पास करा. मला थांबवत नाही."

पुन्हा पोती रचली. रिकामी, पुढची चाकं: नऊशे वीस. ट्रेलर जोडून: सातशे नव्वद.

"एकशे तीस गेले," दादा म्हणाले. "ही नको, छकुली. दीड टनाची गाडी आणि पावणेतीन टनांचा ट्रेलर. उतारावर ट्रेलरच हिला घेऊन जाईल."

छकुली खिडकीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. रागावलेली नव्हती, दमलेली होती. "बाबा, राखाडी गाडीचे अडीचशे गेले म्हणालात. हिचे एकशे तीसच गेले. म्हणजे तुमच्याच हिशोबाने ही तिच्यापेक्षा चांगली. तरी नको?" मग म्हणाली, "तुम्ही कुठल्याच गाडीला हो म्हणणार नाही. मी हीच घेते. उद्या निघते."

दादा खरं सांगत होते, आणि ते खरं ठरवायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. त्यांचाच खोटा आकडा त्यांच्या आड आला होता. मागे एक डंपर हॉर्न वाजवत होता. दादांनी त्याला हाताने थांबायची खूण केली. मग कपाट उघडलं. प्रत्येक वजनाची एक प्रत फाइलमध्ये राहायची. राखाडी गाडीची प्रत शोधायला त्यांना वेळ लागला नाही, ती कुठं आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ती तिच्या हातात दिली.

तिने वाचलं. दोनदा वाचलं असावं. "शंभर," ती म्हणाली.

"हो."

"का?"

"तू गेली असतीस," दादा म्हणाले.

"ती घोडी," ती म्हणाली आणि वाक्य तिथंच सोडलं.

"हो," दादा म्हणाले. "मला माहीत आहे."

मग ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही त्या दिवशी इथंच होतात ना?"

"होतो," मी म्हणालो.

तिने मान हलवली, चिठ्ठी खिशात घातली आणि लाल गाडी परत करायला गेली. डंपर पाटावर आला. दादांनी वजन केलं, खिडकीतून हात बाहेर काढला. आकडा बरोबर होता.

चार दिवस घरात बापलेकीचा अबोला. निरोप अक्कामार्फत जायचे. "आत्या, बाबांना सांग, मला उशीर होईल." "अक्का, तिला म्हणावं छत्री ने." तिसऱ्या दिवशी अक्काने हात टेकले. "मी काय टपालखातं उघडलंय? पुढच्या निरोपाला तिकीट लावीन."

दादा त्या दिवसांत गप्प बसले नव्हते. आधी ते जाड चष्म्याच्या त्या विक्रेत्याकडे गेले. राखाडी गाडी विकली गेली होती. ज्याने घेतली तो संगमरवराच्या लाद्या वाहायचा. दादा पत्ता काढून त्याच्या दारात गेले. त्या माणसाने त्यांना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, एवढी चांगली गाडी कोणी परत देतं का? तुम्हीच सांगा, तुम्ही दिली असती?" दादा नाही म्हणाले. तिथंही खरंच बोलले.

पाचव्या दिवशी, शनिवारी, छकुली केबिनच्या दाराशी आली. आत आली नाही. "उद्या कुठल्या गाड्या बघायच्यात?" तिने विचारलं.

वर्षभर न मिळालेली गाडी मग अकरा दिवसांत मिळाली. हिरवी, दार चेपलेलं, दिसायला अगदी बापुडवाणी. नऊ वर्षं तिने रस्त्याच्या कामावर कॉम्प्रेसर ओढला होता, त्यामुळे ओझ्याची तिला सवय होती आणि मालकाने तिला जपलेलं होतं. दादा खाली शिरले, हूक जिथं चासीला बोल्ट केला होता तिथं प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं, कुठं तडा नव्हता. मग बाहेर येऊन त्यांनी छकुलीला खाली जायला लावलं. "मी सांगतो म्हणून नको. तू बघ." ती पाठीवर सरपटत आत गेली. ब्रेकच्या नळ्या बघितल्या, गियरबॉक्सचं तेल बोटाला लावून हुंगलं, ट्रेलरच्या ब्रेकची तार कुठं जोडायची ते शोधून काढलं.

काट्यावर त्या दिवशी उलटं झालं. गाडीत दादा बसले आणि केबिनमध्ये, आकड्यासमोर, छकुली. मी बाहेर उभा होतो. आत जायची माझी हिंमत नव्हती.

पहिलं वजन. ट्रेलर जोडला. दुसरं वजन. दादांनी काच खाली केली. "काय आलं?"

तिने आकडा परत एकदा पाहिला. मग म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"शंभरच्या आत असावं."

"नव्वद."

दादांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "मग घे."

ती निघाली तो मंगळवार होता, सकाळ. ट्रेलरमध्ये तिच्या चार पेट्या, गवताचे भारे आणि अक्काने बांधून दिलेली गादी. "तिकडच्या गाद्या कशा असतात कोण जाणे," अक्का म्हणाली आणि पदराने नाक पुसत आत गेली. छकुली माझ्याकडेही आली, वाकून टायर पाहिले आणि म्हणाली, "काका, हवा बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "स्वतः मोजून बघ." ती ओठ मुडपून हसली. त्या दिवसानंतर माझ्याकडे बघून ती पहिल्यांदाच हसली होती.

दादा घाटाच्या पायथ्यापर्यंत तिच्यासोबत गेले. तीन तासांचा रस्ता. काय बोललात, मी नंतर विचारलं. "काही नाही," ते म्हणाले. "मी आरशात ट्रेलर बघत होतो. एकदाही हलला नाही." पायथ्याशी तिने ब्रेक तपासायला गाडी थांबवली, तिथं ते उतरले. ती वर चढत गेली. ट्रेलरचं छप्पर पांढरं असल्यामुळे वळणावळणावर दिसत होतं. सहाव्या वळणापर्यंत दिसलं. पुढे दरड आडवी आली. तरी ते तिथं उभे राहिले, कारण सातव्या वळणाला पुन्हा दिसेल असं त्यांना वाटत होतं. मग बस पकडून दुपारी परत आले आणि केबिन उघडली.

दोन महिन्यांनी पहिला घोडा घाट उतरून अलीकडे आला. पोटाचाच आजार, तसाच पीळ. हॉस्पिटलमध्ये पोचला, ऑपरेशन झालं आणि वाचला. छकुलीला लगेच दुसरा घोडा आणायला उलट जायचं होतं, काट्यापाशी ती जेमतेम दहा मिनिटं थांबली. दादांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चेपलेल्या दारावर हात फिरवला. "घाट कसा होता?" एवढंच विचारलं. "बरा होता," ती म्हणाली, "ट्रेलर आवरतेय ती." ती गेल्यावर ते पाटाच्या कडेला उभेच राहिले. मागे तीन ट्रक ताटकळत होते, तरी कोणी हॉर्न वाजवला नाही.

आता या गोष्टीला सहा वर्षं होतील. घाटावरून येणारे ट्रकवाले सगळे दादांना ओळखतात. चिठ्ठी देताना दादा विचारतात, "हिरवी गाडी दिसली का कुठं?" ट्रकवाले सांगतात. काल चौथ्या वळणावर होती. परवा धाब्यावर थांबली होती, बाई पाणी पाजत होत्या घोड्यांना. कोणी सांगतो, हळू चालवतात फार, मागे रांग लागते. हे ऐकून दादांना सगळ्यात बरं वाटतं. एका ड्रायव्हरने मला कबूल केलं की कधीकधी गाडी दिसलेली नसली तरी तो दिसली म्हणतो. मी त्याला म्हटलं, तसं करू नकोस. तुझी ती एक थाप कळली, तर तुझ्या साऱ्या खऱ्या बातम्याही त्यांच्या हातून जातील.

छकुलीने तिकडे घर घेतलंय. त्यात एक खोली बापासाठी ठेवलीय, खिडकीतून तबेला दिसतो म्हणे. त्या खोलीचा फोटो दादांनी काट्याच्या यंत्राला टेकवून ठेवलाय. दर सुट्टीत अक्का म्हणते, "जा एकदाचा, मी काय पळून जातेय का?" मीही म्हणतो. काटा आता दुसराही कोणी सांभाळू शकतो.

मागच्या आठवड्यात मी सरळच विचारलं, "दादा, अडलंय कुठं?"

ते फोटोकडे बघत होते. खोलीत खाट आहे, खाटेवर घडी घातलेलं पांघरूण आहे. "गेलो तर परत यायला लागेल ना, हवा," ते म्हणाले. "पुन्हा एकदा पायथ्याशी उतरायचं."

बाहेर सिमेंटचा ट्रक येऊन उभा राहिला. ते उठले, वजन घेतलं, खिडकीतून हात बाहेर काढला आणि ड्रायव्हरला विचारलं, घाटावरून आलास का. तो नाही म्हणाला, तो दुसऱ्या रस्त्याने आला होता.